साडेआठ लाखांचं सॉफ्टवेअर घ्यायचं का? त्याआधी किल्ल्या कोणाकडे आहेत ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातली जुनी नोंदणीकृत संस्था. कळवा-मुंब्र्याच्या वस्त्यांमध्ये मुलींच्या सहा अभ्यासिका, शिवाय शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत काम. चौदा पगारी माणसं, वर्षाचं अंदाजपत्रक सत्तर-पंच्याहत्तर लाखांचं. प्रश्न विचारणाऱ्या ताई नुकत्याच कार्यवाह झाल्यात. सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी देणारी कंपनी 'डॅशबोर्ड', म्हणजे कामाचे आकडे एका नजरेत दाखवणारा पडदा, मागतेय. एका व्हेंडरने साडेआठ लाखांचं कोटेशन दिलंय. आधी सगळं बघणारा मुलगा नोकरी लागून पुण्याला गेला आणि विश्वस्तांच्या बैठकीत "आता आयटीचं तुम्हीच बघा" असं ठरलं. ताई विचारतात: कोटेशन मंजूर करावं का, पूर्ण वेळ आयटीचा माणूस ठेवावा का, आणि चोपन्नाव्या वर्षी एमएस-सीआयटी करावं का?

मी वागळे इस्टेटमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. गेली चौदा-पंधरा वर्षं ठाणे, नवी मुंबई आणि पालघरकडच्या संस्थांचंच काम करतो. ताई, तुमच्या तीन प्रश्नांच्या खाली एक चौथा दडलाय: आमच्याकडे नेमकं आहे काय, आणि ते कोणाच्या ताब्यात आहे? त्याचं उत्तर हातात नसताना सॉफ्टवेअर विकत घेणं म्हणजे सातबारा न बघता बंगल्याचा प्लॅन काढणं.

तुम्ही कार्यवाह झालात तेव्हा धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, दाखल झालाच असेल. नव्वद दिवसांची मुदत असते, वकील मागे लागतात, परिशिष्ट एकवर, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीवर, नाव चढेपर्यंत कोणी स्वस्थ बसू देत नाही. बँकेत सह्याही बदलल्या असतील. पण संस्थेच्या वेबसाइटचं डोमेन (म्हणजे इंटरनेटवरचं नाव), ईमेलचा ॲडमिन (खाती उघडण्या-बंद करण्याचा अधिकार असलेला), टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, प्राप्तिकराच्या पोर्टलचं लॉगिन, फेसबुक पान, देणग्या घेणारं पेमेंट खातं, यांचा 'चेंज रिपोर्ट' कोणी भरला? बहुतेक संस्थांत कोणीच भरलेला नसतो. तो पुण्याला गेलेला मुलगा भला असेल, फोन उचलतही असेल. पण संस्था त्याच्या भलेपणावर चालू आहे हे लक्षात घ्या.

नवी मुंबईतल्या एका संस्थेचं डोमेन एका माजी स्वयंसेवकाच्या खासगी जीमेलवर घेतलेलं होतं. त्याने तो मेल वापरणं सोडलं, मोबाइल नंबरही बदलला. नूतनीकरणाच्या सूचना तिकडेच जात राहिल्या. एका सोमवारी वेबसाइट बंद आणि सगळ्यांचे मेलही बंद, कारण मेल त्याच डोमेनवर. मुदत संपली की काही आठवड्यांची सवलत असते, त्यानंतर जादा पैसे मोजून सोडवून घेण्याचा काळ, आणि तोही उलटला की ते नाव कोणीही घेऊ शकतं. आम्ही दुसऱ्या टप्प्यात पोहोचलो म्हणून वाचलो. वर्षाला हजार-दीड हजाराची गोष्ट, पण त्यासाठी जुने फोन नंबर शोधत तीन आठवडे गेले.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. एक जाड पुठ्ठ्याची नोंदवही घ्या. हो, कागदाचीच, विश्वस्त मंडळातले ज्येष्ठ ती उघडतात, शीटची लिंक उघडत नाहीत. एकेका वस्तूला एक ओळ. वस्तू किंवा सेवा काय, ती कोणाच्या नावावर, मुदत कधी संपते, पैसे किती आणि कोण भरतं, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो.

या रकान्याचं महत्त्व मला नौपाड्यातल्या एका संस्थेत कळलं. दिवस ३१ मे. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ८०जीच्या, म्हणजे करसवलत मिळणाऱ्या, देणगीदारांचं विवरण, दहा-बीडी, त्या तारखेपर्यंत भरावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं, आणि विवरण भरल्याशिवाय देणगीदारांना करसवलतीचं प्रमाणपत्र निघत नाही. हिशेबनीस काकू सकाळपासून यादी जुळवत बसल्या होत्या. बाराच्या सुमाराला पोर्टलवर लॉगिन करायला गेल्या, आणि ओटीपी गेला माजी खजिनदार बाईंच्या मोबाइलवर. बाई मुलीकडे न्यू जर्सीत. आपल्याकडे दुपारचे बारा, तिथे रात्रीचे अडीच. काकूंनी देवाचं नाव घेऊन व्हॉट्सॲप कॉल लावला. चौथ्या प्रयत्नात बाई उठल्या, चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपली, मग पुन्हा पहिल्यापासून. विवरण त्या दिवशी भरलं गेलं, पण काकू अजूनही मे महिना आला की मला आठवण म्हणून फोन करतात.

नोंदवहीत पासवर्ड मात्र लिहायचे नाहीत. ते पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये, ठेवा. तेवढं झेपत नसेल तर बंद पाकिटात, वर सही करून, खजिनदारांच्या कपाटात. आणि नियम बँकेचाच लावा. बँकेत आपण तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवतो, तसं प्रत्येक महत्त्वाच्या खात्याला दोन ॲडमिन हवेत, त्यातला एक विश्वस्त. कोणी सोडून गेलं की त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात तशी नोंद करायची. ओटीपीसाठी संस्थेच्या नावावर एक सिमकार्ड आणि साधा फोन कार्यालयात ठेवला तरी निम्मी डोकेदुखी जाते.

ईमेल अजून संस्थेचं-नाव-ॲट-जीमेल असेल तर तेही याच सुमाराला बदलून घ्या. पात्रता तपासून नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना गूगल स्वतःच्या डोमेनवरचा मेल आणि ड्राइव्ह मोफत देतं. मायक्रोसॉफ्टचं मूळ पॅकेजही ३०० जणांपर्यंत विनामूल्य मिळतं. पण फुकटचं कायमचं धरू नका. मायक्रोसॉफ्ट आधी 'बिझनेस प्रीमियम'ची दहा लायसन्सही मोफत द्यायचं, ते २०२५ मध्ये थांबवलं. ज्यांनी अंदाजपत्रकात काही धरलंच नव्हतं त्यांची धावपळ झाली.

आता त्या साडेआठ लाखांकडे येतो. हे बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पाच-सात जिल्ह्यांत काम असतं, हजारो लाभार्थी असते, रोज शंभर माणसं माहिती भरत असती, तर मी वेगळं बोललो असतो. तुमच्या सहा अभ्यासिकांत मिळून, माझ्या अंदाजाने, चार-पाचशे मुली असतील. कोटेशनचा विचार करण्याआधी एक संध्याकाळ कळव्याच्या अभ्यासिकेत जाऊन बसा. काही बोलू नका, फक्त कार्यकर्ती काय काय लिहिते ते बघा.

अशाच एका केंद्रात मी बसलो होतो. सहा वाजता मुली आल्या. कार्यकर्तीने वहीत हजेरी घेतली. मग वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कार्यालयातली मुलगी तो फोटो बघून एक्सेलमध्ये टाइप करणार. महिनाअखेरीला हीच कार्यकर्ती कंपनीचा गूगल फॉर्म भरणार, पुन्हा सगळी नावं. म्हणजे एका मुलीची एक हजेरी, आणि चार ठिकाणी लिखापढी. मी कार्यालयात जाऊन ती एक्सेल फाइल उघडली. तिथे एकच मुलगी 'फातिमा', 'फातेमा' आणि 'फातमा शेख' अशी तीनदा बसलेली. या माहितीवर कितीही महागडा डॅशबोर्ड चढवा, तो तीन मुली दाखवणार. आणि कंपनीला पाठवलेल्या अहवालात त्या तीनच गेल्या होत्या, कोणाचाही खोटेपणा नसताना.

दुखणं तिथे आहे, आणि औषध स्वस्त आहे. प्रत्येक मुलीला नाव नोंदवताना एक क्रमांक द्या: केंद्राचं अक्षर आणि पुढे आकडा, क-०४१, म-११७ असा. आधार क्रमांक या कामाला वापरू नका. तो आपल्याकडे साठवण्याची गरज नाही आणि साठवला की जबाबदारी वाढते. वहीत, शीटमध्ये, फॉर्ममध्ये सगळीकडे तोच क्रमांक. चार ठिकाणचं लिहिणं एका ठिकाणी आणा. शहापूरकडे रेंज येते-जाते, तिथे मोबाइलवर माहिती भरायचं कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके वापरा. फॉर्म रेंज नसताना भरता येतो आणि रेंज आली की वर चढतो. तीन महिने असं चालवा.

त्याच दरम्यान कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्यांना एक साधा मेल लिहा: डॅशबोर्डवर तुम्हाला कोणते आकडे हवे आहेत, आणि किती दिवसांनी? माझा अनुभव असा की उत्तरात चार-पाच आकडे येतात: किती मुली, सरासरी हजेरी, गळती किती, दहावीला बसलेल्या आणि पास झालेल्या. एवढ्यासाठी गूगल शीटला लुकर स्टुडिओ हे गूगलचं तक्ते-आलेख दाखवणारं साधन जोडलं की काम होतं. साडेआठ लाख सोडा, साडेआठ हजारही लागत नाहीत. लागतो तो एखाद्या जाणत्या माणसाचा दोन-तीन दिवसांचा वेळ.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. सुरुवातीच्या काळात शहापूरकडच्या एका संस्थेला मी स्वतः मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये माहिती साठवायचा प्रोग्रॅम करून दिला होता. मला तो फार सुंदर वाटायचा. सहा महिन्यांनी गेलो तर शेवटची नोंद माझ्याच प्रशिक्षणाच्या दिवसाची. कारण विचारलं तर कार्यकर्त्याने वही पुढे केली. वहीत आधी पाडा, मग घर, मग माणूस. माझ्या फॉर्ममध्ये आधी माणसाचं आडनाव. त्याला प्रत्येक नोंदीला वही उलटसुलट करावी लागायची. मी वही कधी पाहिलीच नव्हती.

तीन महिन्यांनंतरही सॉफ्टवेअर लागेल असं वाटलं तर व्हेंडरला बोलवा, आणि या वेळी प्रश्न तुम्ही विचारा. आमची सगळी माहिती कधीही, तुम्हाला न विचारता, एक्सेलमध्ये बाहेर काढता येईल का? 'हो, आम्ही काढून देऊ' हे उत्तर चालणार नाही. बटण दाखवा म्हणावं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा खर्च किती? पहिल्या वर्षाचा आकडा कोणीही गोड सांगतं. सर्व्हर कोणाच्या नावावर? नवीन कार्यकर्ती आली की तिला कोण शिकवणार आणि त्याचे वेगळे पैसे का? आणि हे ॲप आमच्या कार्यकर्तीच्या सात-आठ हजारांच्या मोबाइलवर, तिच्या वस्तीत, आत्ता चालवून दाखवा. एअरकंडिशन्ड खोलीत, व्हेंडरच्या फोनवर सगळंच चालतं.

मराठीचंही विचारा. जुन्या संस्थांचे वीस-वीस वर्षांचे अहवाल श्री-लिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडले की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो, आणि त्यात काही शोधताही येत नाही. नवीन जे काही घ्याल ते युनिकोडमध्येच हवं, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी नीट दिसेल. जुन्यातलं महत्त्वाचं तेवढं बदलून घ्या, बाकीचं पीडीएफ करून ठेवा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता तीन महिने नीट चालल्यावर. हे ऐकून जो व्हेंडर नाराज होतो त्याच्याबद्दल तुम्हाला पुरेशी माहिती मिळालेली असते.

मुलींच्या माहितीबद्दल जरा कडक बोलतो. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. सेवाभावी आहोत म्हणून आपण त्यातून आपोआप सुटत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कागदावर लिहून घेतलेली माहिती पुढे संगणकावर चढवली की तीही कायद्याच्या कक्षेत येते. सुरक्षेत हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तेवढा आपल्याला कोणी लावेल म्हणून घाबरवत नाही. पण व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलींचे फोटो, घरचा पत्ता आणि 'वडील दारू पितात' अशी नोंद एकत्र फिरत असेल, तर कायदा नसता तरी ते थांबवायला हवं होतं. पहिला उपाय म्हणजे कमी घेणं. जी माहिती गेल्या वर्षभरात कोणी वाचली नाही, तो रकानाच काढून टाका. दुसरा: ड्राइव्हवरच्या फाइलींना 'लिंक असेल तो कोणीही' अशी परवानगी आहे का ते तपासा. मला जवळजवळ प्रत्येक संस्थेत अशी एखादी फाइल सापडते.

बॅकअपबद्दल. २६ जुलै २००५ ला ज्यांची कार्यालयं तळमजल्यावर होती त्यांना हे सांगावं लागत नाही. मी पाणी ओसरल्यावर जे पहिलं मशीन उघडलं त्यातून चिखल निघाला. बॅकअप होता, व्यवस्थित सीडीवर काढलेला, तारीख घातलेला, त्याच टेबलाच्या खालच्या खणात. आज पाण्यापेक्षा व्हायरसची आणि चोरीची भीती जास्त, पण चूक तीच असते. टॅलीचा बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर असतो, नाहीतर कायम जोडून ठेवलेल्या पेनड्राइव्हवर. एक प्रत कार्यालयाबाहेर हवी, आणि तिमाहीला एकदा ती दुसऱ्या मशीनवर उघडून कालच्या व्हाउचरपर्यंतचा हिशेब दिसतो का ते बघायला हवं. उघडून न पाहिलेला बॅकअप मी मोजत नाही. जाता जाता हेही तपासा: विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, तेव्हा हिशेबाचं मशीन त्यावर असेल तर बदलण्याच्या यादीत ते वर घ्या. आणि हिशेबनिसांच्या टेबलासमोर १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर चिकटवा. 'अध्यक्षांचा' मेल आला म्हणून पैसे पाठवण्याचे प्रकार आपल्याकडेही होतात. लवकर फोन केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता राहते.

माणूस ठेवायचा का? तुमच्या आकाराच्या संस्थेला पूर्ण वेळचा नको. मशीनं, प्रिंटर, वायफाय यांसाठी स्थानिक माणसाचं एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, करा. पण आतला एकजण ठरवा, बहुधा तुमच्या कार्यालयातलीच एखादी चलाख मुलगी, जिच्या कामाच्या यादीत आठवड्याचे चार तास 'आयटी' असं लेखी असेल आणि त्याचे थोडे पैसेही मिळतील. नाहीतर ते काम तिच्या गळ्यात पडतं आणि तीही एक दिवस पुण्याला जाते.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांतले स्वयंसेवक उत्साही असतात. त्यांना मुदतीचं, संपणारं काम द्या: जुन्या याद्या साफ करणं, डॅशबोर्ड जोडणं, कार्यकर्त्यांना दोन शनिवार शीट शिकवणं. 'आम्ही तुम्हाला सिस्टिम बनवून देतो' म्हणाले तर गोड शब्दांत नाही म्हणा. प्रोजेक्ट बदलला की ते दिसेनासे होतात, आणि त्यांनी बनवलेलं दुरुस्त करायला माझ्यासारख्याला बोलवावं लागतं. मला ते परवडतं, तुम्हाला नाही.

खर्चाचा माझा ठोकताळा वार्षिक अंदाजपत्रकाच्या तीन ते पाच टक्के. तुमच्या बाबतीत सव्वादोन ते पावणेचार लाख, त्यात मशीनं, एएमसी, इंटरनेट, लायसन्स, प्रशिक्षण सगळं. अभ्यासिकेतला टॅब आणि माहिती गोळा करण्याचा खर्च प्रकल्पाच्या शीर्षाखाली प्रस्तावातच मागा, सगळा कार्यालयीन खर्चात ढकलू नका. परदेशी निधी असेल तर हे जास्तच जपा, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेल्या, पैशातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो. कोणता खर्च कुठे बसतो ते सीएंना आधी विचारा, वर्ष संपल्यावर नाही.

तेव्हा कोटेशनला आत्ता 'सध्या थांबा' असं लेखी उत्तर द्या. हा महिना नोंदवहीचा, पुढचे तीन महिने क्रमांक आणि एकाच ठिकाणी नोंद, मग व्हेंडर. कंपनीने मार्चच्या आत पैसे खर्च करायची घाई केली तर त्या पैशातून टॅब आणि प्रशिक्षण मागा. अधिकारी सहसा ऐकतात, त्यांनाही अहवालाचं पान भरायचं असतं.

आणि एमएस-सीआयटी. हौस असेल तर जरूर करा, माझ्या आईने बासष्टाव्या वर्षी केलं आणि सर्टिफिकेट फ्रेम करून घेतलं. पण कार्यवाह म्हणून त्याची वाट बघू नका. तुम्हाला तीनच गोष्टी स्वतःच्या हाताने यायला हव्यात: शीटमध्ये फिल्टर लावून एका केंद्राची हजेरी बघणं, ड्राइव्हवरची फाइल कोणाकोणाला दिसते ते उघडून पाहणं, आणि ईमेलच्या ॲडमिन पानावर जाऊन सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद करणं. त्या चलाख मुलीला शेजारी बसवलंत तर एका दुपारी होतं. माउस मात्र तुमच्या हातात ठेवा.